चाकापुढचं लिंबू

दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा वास आला की मला मुलुंडची ती काँटेसा आठवते. जुन्या गाड्यांचे फोटो काढायचा मला नाद आहे. वर्षभर कव्हराखाली झाकलेल्या गाड्या दसऱ्याला पूजेसाठी हमखास बाहेर दिसतात, म्हणून त्या दिवशी मी घरात थांबत नाही.

गाडी झकास होती, पण टायर पार बसलेले. एका काकूंनी बॉनेटवर हार घातला, चाकापुढे लिंबू ठेवलं आणि मला म्हणाल्या, "जरा धक्का मार ना रे. लिंबू फुटायला हवं, आमचे हे वरून बघतायत."

पहिल्या मजल्याच्या खिडकीत काका बसले होते, नाकात ऑक्सिजनची नळी. आम्ही दोघांनी जीव खाऊन ढकललं. गाडी तसूभर हलली नाही.

"फुटलं का गं?" वरून खरखरीत आवाज आला.

"फुटलं, फुटलं!" काकू हसून ओरडल्या आणि पाठ फिरवून डोळे पुसायला लागल्या. काकांनी खुशीत हात हलवला. तेवढ्यात मी फोटो काढला. म्हातारा फसला, बरं झालं, असं मला वाटलं.

पुढच्या दसऱ्याला गेलो, तर गाडीवरचं कव्हर कुणी काढलंच नव्हतं.

आज तो फोटो मोठा करून बघितला. चाकापुढे पिवळंधमक, अख्खं लिंबू आहे. काका मात्र गाडीकडे बघतच नाहीयेत. ते काकूंच्या पाठीकडे बघतायत. गाडी जागची हलली नव्हती, हे त्यांना वरून दिसलं नसेल थोडंच.