चिंगीच्या गोष्टीचा हुंकार

शांतिसेनेत असताना आमची प्लाटून एका परक्या देशातल्या गावाबाहेर होती. शेजारच्या देशाच्या फौजेने ते गाव बळकावलं होतं आणि ठाणं मांडलं होतं गावच्या शाळेत. मी हवालदार, सुदुंबऱ्याचा. नाईक सखाराम भुशीच्या वरच्या वाडीतला. प्लाटूनमध्ये मावळचे आम्ही दोघेच, त्यामुळे भांडायलाही तिसरं कोणी नव्हतं.

०६०० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज, ०८०० ला पाण्याच्या टँकरला एस्कॉर्ट, मग पोस्ट. रविवारी १६०० ला घरी फोन. सखाराम फोनवर आठ वर्षांच्या लेकीला, कमळीला, गोष्ट सांगायचा. गोष्टीतल्या चिंगीच्या शाळेत सैनिक शिरलेत, म्हणून ती पाण्याच्या रांगेत बसून अभ्यास करते. पोरगी खरी होती. रोज आमच्या पोस्टसमोरून जायची. चिंगी हे नाव तेवढं सखारामने ठेवलेलं.

त्यांच्या वाडीत गोष्टीला हुंकार लागतो. ऐकणारा 'हं' म्हणाला नाही, तर सांगणारा थांबतो. रेंज गेली की कमळीचा हुंकार तुटायचा, मग शेजारी बसलेला मी द्यायचो. सवयच लागली मला.

"बा, चिंगी शाळंत कवा जानार?"

"जाईल गं. शिपाई न्हेनार हाय तिला."

त्या मंगळवारी १४२० ला गावात फायरिंग सुरू झालं. पाण्याची रांग पांगली. चिंगी मात्र कॅन धरून रस्त्यातच बसून राहिली. सखाराम पुढच्या बंकरमध्ये होता. वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला.

"पोरगी उघड्यावर हाय. आनू का तिला? ओव्हर."

अशा वेळी 'वेट' म्हणायचं आणि कंपनी कमांडरना विचारायचं. माझ्या तोंडून सवयीने गेलं, "हं."

चिंगीला त्याने बंकरमध्ये ढकललं. स्वतः आत पोचला नाही. १४३१ ला मी रिपोर्ट दिला. चौकशीत काही लपवलं नाही. साहेब म्हणाले, "तुझ्या जागी मीही त्याला जाऊ दिलं असतं." त्याने मला काडीचंही बरं वाटलं नाही.

सुट्टीवर आलो तो आधी सखारामच्या वाडीवर गेलो. वहिनी चुलीपाशी होत्या. कमळीने सरळ विचारलं, "काका, चिंगीचं पुढं काय झालं?"

मी सांगायला लागलो. फायरिंग, रस्ता, कॅन. दर वाक्याला तिचा "हं" येत होता.

"शिपायानं विचारलं, आनू का तिला? तेव्हा हुंकार मी दिला, कमळे."

तिचा हुंकार थांबला. मीही थांबलो. उठून जायचं धाडसही होत नव्हतं.

"हं," वहिनी म्हणाल्या. त्यांची पाठ माझ्याकडेच होती. "पुढं सांगा, भाऊ."

चिंगी वाचली, ते सांगितलं. सखाराम घरी आला नाही, हे त्या दोघींना माहीतच होतं. तेही सांगितलं.