चाकांवरच्या स्वयंपाकघरातली बरणी

मुंबईत लोक एका जास्तीच्या खोलीसाठी सख्ख्या भावाला दिंडोशीच्या कोर्टात खेचतात. माझ्या मुलाला जास्तीची खोली मिळाली, तर त्याने तिला चाकं लावली.

म्हणजे चाकं आधीपासून होतीच. जुनी सतरा सीटची गाडी होती, लग्नाच्या वऱ्हाडाला असते तशी. ती घेऊन त्याने गोवंडीच्या एका गॅरेजात टाकली, सीटा काढल्या आणि आत घर बांधलं. बेड, बेसिन, एक संडास ज्यात माणूस बसला तर गुडघे दाराला लागतात, आणि ओटा. ओट्याच्या वर कपाटं, ओट्याखाली कपाटं. मी विचारलं, मुलुंडला तुझ्या घरात बेड आहे, ओटा आहे, संडासात गुडघेही कुठे लागत नाहीत, मग हे कशाला? म्हणाला, फिरायला. मी जन्मभर पाण्याचा टँकर फिरवला. मला कधी कोणी म्हणालं नाही की मजा आहे बुवा तुझी, रोज फिरतोस.

मी बोरिवलीला राहतो, पूर्वेला. वन रूम किचन. बायको गेल्या आषाढात गेली, तेव्हापासून एकटा. मुलगा आणि सून दर रविवारी येतात आणि सांगतात, बाबा, मुलुंडला चला. मी जात नाही. रात्री घर सोडून कुठेच राहत नाही. त्यांना वाटतं दुःखामुळे. असेलही. पण मी कारण सांगायचो ते लोणच्याचं.

ते नीट सांगतो, नाहीतर म्हातारा चळला असं वाटेल.

आमच्याकडे दर मे महिन्यात मोठ्या बरणीत कैरीचं लोणचं पडायचं. चिनी मातीची बरणी, खाली पांढरी, वर चॉकलेटी. गेल्या मे महिन्यात बायकोला उभं राहवत नव्हतं. ती स्टुलावर बसली, कैऱ्या माझ्याकडून कापून घेतल्या, फोडी पुसून घेतल्या, आणि एक फोड ओली राहिली तेव्हा जे बोलली ते इथे लिहीत नाही. पुढे हॉस्पिटलात न्यायची वेळ आली. खाली टॅक्सी उभी, मुलगा पिशवी घेऊन दारात, आणि ही उंबऱ्यात थांबून मला सांगते, "अहो, दर चार दिवसांनी लोणचं हलवत जा. हात कोरडा ठेवा."

ती परत आली नाही. मी लोणचं हलवत राहिलो. कोरडा लाकडी चमचा, तळापासून वर, मग झाकण, वर फडकं, फडक्याला दोरी. आषाढ गेला, गणपती आले नि गेले, दिवाळी झाली, संक्रांत झाली, मी हलवतोच आहे. एक फोड खाल्ली नाही. शेजारीण म्हणाली, काका, द्या ना जरा काकूंच्या हातचं. मी म्हटलं, अजून मुरतंय.

तर होळी झाल्यावर मुलाची गाडी तयार झाली आणि हे दोघं मला घ्यायला आले. कोकणात जाऊ, समुद्राकाठी राहू. मी म्हटलं, लोणचं कोण हलवणार? मुलगा कपाळाला हात लावून बसला. सून तशी नाही. ती पवईला कुठल्या तरी ऑफिसात माणसं सांभाळते, तिला असल्या नगांची सवय आहे. ती म्हणाली, "मग लोणचं पण येऊ दे."

मी बरणीला नवं फडकं बांधलं.

बरणी येणार म्हटल्यावर मी त्या गाडीच्या स्वयंपाकघरात लक्ष घातलं. आधी ढुंकूनही बघितलं नव्हतं. बघितलं आणि हसलो. सुनेने सगळं काचेच्या बाटल्यांत भरलं होतं, एका मापाच्या, सुरेख. तूरडाळ, पोहे, रवा, साखर. कपाटाच्या दारांना लोहचुंबक. मी म्हटलं, हे चुंबक माशी बसली तर उघडतील. मुलगा म्हणाला, बाबा, लोक जगभर असंच करतात. मी म्हटलं, जगभर करत असतील, जगाला पवईचा रस्ता कुठे आहे?

गोवंडीहून बोरिवलीपर्यंत चाचणी घेतली. पवईला एक रिक्षावाला आडवा आला, मुलाने ब्रेक मारला, आणि मागे जे झालं ते ऐकूनच कळलं. तलावाच्या बाजूला गाडी घेतली. तीन बाटल्या फुटल्या होत्या. डाळ, रवा, पोहे आणि काच यांची छान मिसळ. फिरायला आलेली माणसं थांबून बघत होती. मी पायरीवर उभा राहून झाडू मारत होतो आणि मनातून फार खूश होतो.

खूश होतो म्हणून काम माझ्याकडे आलं. बाबा, मग तुम्हीच लावा कपाटं. मी लावली.

मला फार काही येत नाही. सातवीत शाळा सुटली. पण टँकरवर एक गोष्ट कळते: भरलेला टँकर सरळ चालतो, रिकामाही चालतो. अर्धा असला की पाणी आत धावतं आणि वळणावर गाडी ओढतं. तसंच डब्यांचं. बायको हे टँकर न चालवता करायची. डाळ कमी झाली की मोठ्या डब्यातून मधल्यात, मधल्यातून लहानात. डब्यात जागा उरू द्यायची नाही. मी बोरिवलीच्या मांडणीवरून तिचे स्टीलचे डबे काढले. काढताना जरा जड गेलं, कारण ते होते तसेच ठेवले होते मी, पण काढले. डाळ-तांदूळ गळ्यापर्यंत भरले. जड सगळं खाली, पापड-पोहे वर. ताटांच्या मधे एकेक नॅपकिन, म्हणजे खडखड नको. खणात ती भोकाभोकांची रबरी चटई घातली, डबा सरकत नाही. तेलाची नि व्हिनेगरची बाटली आणि सुनेच्या वाचलेल्या दोन बाटल्या थंड पेयाच्या जुन्या क्रेटमधे, प्रत्येकीला तिचा कप्पा. चुंबक उखडून टाकले आणि दारांना साध्या लोखंडी कड्या लावल्या, संडासाला असतात तशा. सून म्हणाली, दिसायला कसंसंच दिसतं. मी म्हटलं, डाळीला सांग.

राहिली बरणी. तिच्यासाठी गोवंडीच्या गॅरेजातल्या सुताराकडून प्लायवूड कापून घेतलं, बरोबर पोटाच्या मापाचं गोल भोक. बरणी त्यात कमरेपर्यंत बसली, बाळाला उंच खुर्चीत बसवतात तशी. तरी मला झाकणाची भीती. खड्ड्यात झाकण उडालं, तेल सांडलं, मग? म्हणून बरणीच्या वर एक फळी आडवी ठोकून घेतली, झाकणाला टेकेल अशी. चार स्क्रू. हलवून बघितली, ढिम्म. सुतार म्हणाला, काका, ट्रक उलटला तरी हे निघणार नाही. मला इतकं बरं वाटलं की त्याला चहा पाजला.

निघालो. पनवेल सोडलं, पुढचा रस्ता कसा आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी कशाला कोणाचं नाव घेऊ? गाडी आपटत होती, संडासाचं दार स्वतःच्या मनाने उघडत होतं, माझे दात वाजत होते. स्वयंपाकघर मात्र गप्प. एक चमचा हलला नाही. मी मागे वळून वळून कपाटांकडे बघत होतो. मुलगा आरशातून बघून म्हणाला, "बाबा, समुद्र पुढे आहे."

दापोलीच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा आठवलं, आज हलवायचा दिवस. कोरडा चमचा घेतला, कपाट उघडलं. वर फळी. फळीत चार स्क्रू. फळी काढल्याशिवाय झाकण उघडत नाही आणि स्क्रू काढायचं हत्यार सुताराकडे, गोवंडीला.

मी पन्नास वेळा त्या बरणीचा विचार केला होता. ती पडेल, फुटेल, सांडेल, चोरीला जाईल. ती उघडायची आहे हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

सून हसली नाही, तेवढं तिचं चांगलं. मुलगा हसला. म्हणाला, या रस्त्याने ते इतकं हललंय की तुम्हाला पुढल्या वर्षापर्यंत हलवायला नको. मला खरंच भीती वाटत होती. समुद्राकाठी सुरूच्या झाडांत गाडी लावली, शेजारच्या घरातल्या बाईने विहिरीचं पाणी दिलं, वारा चांगला, सगळं झकास; आणि मी आत बसून त्या फडक्याचा वास घेत होतो. बुरशी आली तर तिला काय सांगणार? कोणाला सांगायचं हाही प्रश्नच, पण तो तेव्हा पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा गावातून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. फळी काढली. मी हात धुतले, पुसले, परत पुसले, शर्टाला पुसले. झाकण काढलं. वर तेल, स्वच्छ, लाल. बुरशी नाही. फोडी खाली गपगार. मी चमचा घातला आणि तळापासून हलवायला लागलो, आणि ओट्यापाशी सून भाताचा कुकर उघडत होती. भाजी तिने करपवली होती. समुद्र बघत बसली, करपली. ताटात भात, वरण, बाकी काही नाही.

ती म्हणाली, "बाबा, चमचा आत आहेच तर चार फोडी काढा."

मी म्हटलं, नको. का नको? मी टँकरचं सांगितलं. भरलेली बरणी हलत नाही. अर्धी केली की आत तेल धावणार, वळणावर ओढणार, परतीला फुटेल. बोलता बोलता मलाच ते फार पटायला लागलं. मुलगा ताट घेऊन नुसता उभा. तो त्याच्या आईशी बोलायचा, माझ्याशी त्याचं गाडीपुरतंच.

सुनेने कुकर खाली ठेवला. "बाबा, ते पहिले पंधरा दिवस हलवायचं असतं, मुरेपर्यंत. आईंनी तुम्हाला तेवढ्यापुरतं सांगितलं होतं."

मी म्हटलं, मला कुठे तसं म्हणाली?

"परत येऊन स्वतः बघणार होत्या ना त्या," ती म्हणाली. "आणि हलवायला नव्हतं घातलं त्यांनी. जेवायला घातलं होतं."

बाहेर शेजारच्या घरातली कोंबडी गाडीच्या पायरीवर चढली होती. मी तिला हाकललं. मग एकेक फोड काढली, आधी मुलाच्या ताटात, मग सुनेच्या, मग माझ्या. खाली बसलो आणि भाताबरोबर खाल्ली.

मीठ जरा जास्त पडलं होतं. ती असती तर मी तसं म्हणालो असतो आणि ती म्हणाली असती, मग नका खाऊ. मुलाने दुसरी फोड घेतली, तिसरी घेतली. खाली मान घालून जेवत होता. मी त्याला विचारलं, खारट आहे का रे? त्याने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, पण पाण्याचा पेला मी त्याच्याकडे सरकवला.

एकदा उघडली ती उघडलीच. पेजेबरोबर लोणचं, पोळीबरोबर लोणचं, मुलाने तर पावाबरोबर खाल्लं. पाणी देणाऱ्या बाईला वाटीभर दिलं. तिने वाटी रिकामी परत केली नाही, कोकमं घालून दिली. गाडीच्या बाजूला एक ठाण्याचं जोडपं तंबू लावून होतं, त्यांनाही दिलं. त्यातली पोरगी म्हणाली, काका, काय भारी आहे, कोणी केलंय? मी म्हटलं, कैऱ्या मी कापल्यात. खोटं नाही ते.

निघायच्या दिवशी तळाशी थोडं उरलं. मी बघत उभा होतो. सुनेने काही न विचारता क्रेटमधली तिची एक काचेची बाटली रिकामी करून धुतली, उन्हात ठेवली, चांगली कोरडी खडखडीत केली आणि बाटली माझ्यापुढे धरली. बायको मे महिन्याच्या तोंडावर हेच करायची. नवी कैरी यायच्या आधी मोठी बरणी मोकळी झाली पाहिजे, जुन्यावर नवं घालत नाहीत. मी उरलेलं बाटलीत भरलं. गळ्यापर्यंत आलं.

बाटलीला आता जागा हवी. क्रेटमधे तिचा कप्पा होताच. रबरी चटई होती, नॅपकिन होते, लोखंडी कड्या होत्या. मी एवढं सगळं केलं होतं, आणि बाटली मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसलो. दोन्ही हातांनी धरून. मुलगा म्हणाला, "बाबा, कपाटात ठेवा ना." मी म्हटलं, तू रस्त्याकडे बघ.

मोठी बरणी रिकामी, तिच्या भोकात. वरची फळी लावलीच नव्हती. पहिल्याच खड्ड्याला ती वाजली. मग प्रत्येक खड्ड्याला वाजायला लागली, ठक, ठक, आणि खड्डे काही संपत नव्हते. महाडपाशी सून उठली, दोन नॅपकिन घेतले आणि भोकात कोंबायला निघाली.

मी म्हटलं, राहू दे गं. वाजू दे.

बोरिवलीपर्यंत वाजली.