काचेमागची लक्ष्मी

आमच्या आत्याचं सगळंच उलटं, असं बाबा म्हणायचे, आणि तेही कौतुकानं. ती काचेच्या मागच्या बाजूनं देव रंगवते. कागदावर बुबुळं शेवटी काढतात, ती इथे आधी येतात. मग भुवया, दागिने, चेहऱ्याचा रंग आणि सगळ्यात शेवटी आकाश. उजवं-डावंही उलटं काढायचं, म्हणजे काच पालटली की सरळ दिसतं. एकदा वर रंग चढला की बुबुळाला हात लावायची सोय नाही. त्यामुळे ती कामात असताना त्या खोलीत शिंकायचीही चोरी.

गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि तिचा उजवा हात गेला. बोलणंही आटलं. दिवसभर खिडकीशी बसून राहायची. हिच्यातली चित्रकार गेली, आता नुसती आत्या उरली, या विचारानं मला धस्स व्हायचं. मग एके दिवशी तिनं डाव्या हातात ब्रश धरला. गल्लीतल्या शिंप्याची लक्ष्मी द्यायची राहिली होती, तीच काढायला घेतली. रेघ कुठल्या कुठे पळायची, पण आत्या हटली नाही.

चित्र पुरं झालं तेव्हा शिंपीही आला. बाबांनी काच पालटून भिंतीला टेकवली. डोळे काय उतरले होते! पण लक्ष्मी डाव्या हातानं आशीर्वाद देत होती. नव्या हाताला वळण लावायच्या नादात आत्या उलटं काढायचंच विसरली होती.

आम्ही घाईघाईनं "सुरेख, सुरेख" म्हणालो. शिंप्यानं तर हात जोडले. "ताई, देवीनं कुठल्याही हातानं दिलं तरी मी घेईन."

"तुला चालेल रे," आत्या म्हणाली, "तिलाही चालेल. मला नाही चालत."

"अगं, आजारातून उठून एवढं केलंस," बाबा म्हणाले.

"मग काय, आजारी बाईचं चित्र म्हणून टांगायचं? त्याचं दुकान आहे की दवाखाना?" कितीतरी दिवसांनी ती अशी कडाडली. मग शिंप्याला म्हणाली, "थांबावं लागेल तुला. घाई असेल तर दुसरीकडून घे."

"थांबतो की," म्हणत त्यानं चपला घातल्या.

नुसता हात बदलून भागणार नव्हतं. मान, कमळ, सगळंच उलटलं होतं. आत्यानं ब्लेड मागितलं. काच टेबलावर आडवी घेऊन ती शांतपणे खरवडत राहिली. आधी आकाश गेलं, मग चेहरा, बुबुळं सगळ्यात शेवटी. बाबांना बघवेना, ते बाहेर गेले. मला मात्र रडू आलं ते आनंदानं. आत्या बरी झाली होती.