आगीतून आलेला शेरीफ

व्हर्न हॅडलॉकला देवाने तोंड दिलं आणि बाकीचं द्यायचं राहून गेलं. दगडी जबडा, बारीक डोळे, घोगरा आवाज. तेवढ्या भांडवलावर हॉलिवूडमध्ये त्याने जन्म काढला. कधी न्यायाधीश, कधी दारूच्या गुत्त्याचा मालक, बहुतेक वेळा पहिल्याच धुमश्चक्रीत गोळी खाणारा दरोडेखोर. मी त्याची रंगभूषा करायचो. घोड्याला तो इतका टरकायचा, की जवळून चित्रण असलं की त्याला पिंपावर खोगीर टाकून बसवत. त्यावरूनही एकदा पडला.

अठ्ठावन्न साली सिमी व्हॅलीत चित्रीकरण चालू असताना तबेल्याच्या सेटला आग लागली. आत नायिका कॉरिन, स्टंटमन डच ऑस्ट्रँडर आणि आमचा व्हर्न. कॉरिन दारातच अडखळून पडली. तिच्या हातावर बूट देऊन व्हर्न बाहेर पळाला. मी समोरच होतो. डच दुसऱ्या दाराने सुखरूप निघाला होता. पण तिची किंकाळी ऐकून तो परत आत शिरला आणि तिला उचलून घेऊन आला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

त्या दोघांना इस्पितळात नेलं आणि मग वार्ताहर आले. व्हर्न माझ्याकडे धावला.

"ऑटो, जरा काजळी लाव रे तोंडाला."

"कशाला? तू तर सगळ्यांच्या आधी बाहेर होतास."

"अरे बाबा, फोटो काढतायत! कपाळाला थोडी, गालाला थोडी."

"माझ्याच्यानं नाही व्हायचं."

त्याने माझी पेटी ओढली आणि स्वतःच स्वतःचं तोंड काळं केलं. इतक्या हौसेने ते करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सकाळी पेपरात हाच वीर. स्टुडिओला खरं ठाऊक होतं, पण खोटं जास्त खपत होतं. कॉरिनला कराराचा धाक घालून गप्प बसवलं. मी चारचौघांत बोललो, तर "रंगाऱ्याला कोण विचारतो?" म्हणून हसले. व्हर्नला टीव्हीवर शेरीफची मालिका मिळाली, आणि ती सहा वर्षं चालली.

डचची बोटं आखडली, लगाम धरता येईना. एकदा तो सेटवर आला.

"व्हर्न, गर्दीत उभं राहायचं तरी काम दे."

"हात फार वाईट दिसतात रे तुझे."

"हातमोजे घालीन."

"बघू," म्हणून व्हर्नने त्याच्या पाठीवर थोपटलं. पाहिलं काहीच नाही. डच बेकर्सफील्डला भावाच्या कोंबड्या सांभाळायला गेला आणि तिथेच वारला.

म्हातारपणी व्हर्नच्या गावाने, नेब्रास्कात, शौर्याबद्दल त्याचा सत्कार केला. कॉरिनला आणि मलाही बोलावलं होतं. तोवर तो स्टुडिओही बुडाला होता. बाई उभी राहिली.

"मला डचने वाचवलं. ह्या गृहस्थाने माझा हात तुडवला. हा बघा."

तिने वाकडं बोट वर धरलं. मग व्हर्न खो खो हसला, पाठोपाठ सगळं सभागृह हसलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाहेर पडताना त्याने तिचा दंड धरला. "कॉरिन, काय रंगवलंस गं! पुढच्या महिन्यात टल्साला सत्कार आहे. तिथेही हेच कर."