वरच्या पाच पेंढ्या

शहादेवाचा उजवा हात विहिरीवर गेला. मोटेचा बैल बिथरला, दोरात हात अडकला आणि कोपरापासून खाली लुळा पडला. तेव्हापासून थोरला भाऊ मुंजाजी त्याला घरात धरीना, बाहेरही काढीना. दर आठवड्याला वडवणीच्या बाजारात घरचा कडबा मोजून द्यायचा, एवढंच काम. बायको छबुबाई मात्र दोघांच्या वाटचं राबायची आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरेल ते खायची.

निजामाचा अंमल होता. बीडला मास्तरकीच्या शाळेत भरतीचा इम्तिहान असतो, वय पंचविसापर्यंत हवं, निवडलेल्याला राहायला खोली मिळते, असं शहादेवाच्या कानावर आलं. तो तेव्हा बाविसाचा. तीन वर्षं मौलवींपाशी बसून तो उर्दू शिकला. ही लिपी उजवीकडून लिहितात, त्यामुळे डाव्या हाताला ती बरी जमली. त्याच्या नशिबातली एवढीच एक सोय.

"खोली केवढी असंल?" छबुबाईनं निघताना विचारलं.

"चूल मांडण्याएवढी."

"लई झाली," ती म्हणाली.

हिशेबाच्या पर्च्यात दहापैकी सात सवाल बरोबर यायला हवे होते. सहा त्यानं खात्रीनं सोडवले, तीन त्याच्या डोक्यावरून गेले. उरला एक: शेतकऱ्यानं बाजारातून पाचशे पेंढ्या कडबा घेतला आणि सात बैलांना सारखा वाटला, तर प्रत्येकाला किती आणि उरल्या किती?

सात बैल? जोडीतला एक मेला असणार बिचाऱ्याचा, शहादेवाच्या मनात आलं. मग तो हिशेबाला लागला. पाचशे घेतल्या म्हणजे शेकड्यामागं वरच्या पाच आल्याच. त्या सोडून कडबा नेणारा माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता. झाल्या पाचशे पंचवीस. सातानं भागल्यावर पंचाहत्तर, बाकी काही नाही. भाग इतका साफ गेला की सवाल घालणाराही बाजार केलेलाच असणार, असं त्याला वाटलं. तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

यादीत नाव नव्हतं. तो धीर करून पर्चे तपासणाऱ्या मुनशींपुढं उभा राहिला. मुनशींनी कागद काढून बोट ठेवलं.

"एकाहत्तर आणि बाकी तीन. हे पच्चीस कहाँ से लाये?"

"वरच्या हाईत, साहेब. शेकड्याला पाच देत्यातच."

"सवाल में लिखा है?"

"सवालात कावून लिहावं लागंल, साहेब? समद्यांनाच ठाव हाय."

मुनशी पोट धरून हसले. शेजारच्या कारकुनालाही त्यांनी ते सांगितलं. माणसाचा जन्म बुडतो आणि दुसऱ्याची करमणूक होते, याची मला अजून चीड येते.

पुढच्या वर्षी शहादेवाचं वय उलटलं होतं.

अकरा वर्षांनी वडवणीच्या बाजारात सरकारी छकडं थांबलं. बदलून आलेले तेच मुनशी आता केस पांढरे करून बसले होते. गाईसाठी कडबा हवा होता. शहादेवानं डाव्या हातानं शंभर पेंढ्या मोजून टाकल्या आणि तो थांबला.

"और ऊपर के पाँच?" मुनशी म्हणाले.

त्यांना ओळख पटली नव्हती. शहादेवानं मात्र त्यांना ओळखलं होतं. सांगावं तर कुणासाठी? छबुबाई दोन वर्षांपूर्वी मुंजाजीच्याच गोठ्याकडेच्या छपरात तापानं गेली होती.

त्यानं वाकून पाच पेंढ्या उचलल्या आणि एकेक करून छकड्यात ठेवल्या.