नारळ फुटायच्या आत

काय सांगू तुम्हाला, स्वतःच्याच हाताने स्वतःचा एवढा पोपट कुणी केला नसेल. चहा घ्या, सांगतो.

मी मांडवीचा, नोकरी रत्नागिरीतच, एका सल्लागार कंपनीत. कारखान्यांत जाऊन तिथल्या माणसांच्या कामाचं मूल्यमापन कसं करावं, ते आम्ही शिकवतो. आमची तत्त्वं ऑफिसच्या भिंतीवरच लावलीयत. आधी ऐका, मग बोला. कुणाचा होकार गृहीत धरू नका. मला तोंडपाठ! पाळण्याचं म्हणाल तर... माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. रिक्षा जरा गर्दीत अडकली की मी उतरून चालायला लागतो.

त्यात प्रोबेशन संपत आलेलं. आमच्या बॉस मॅडमनी बजावलं होतं, आंबा कॅनिंगच्या कारखान्यातलं काम नीट झालं तरच कायम करू.

पोचलो तर तिथे हंगामाच्या मुहूर्ताचं गाऱ्हाणं चाललेलं. मालक अण्णा नारळ हातात धरून देवाला साकडं घालतायत आणि कामगार हात जोडून प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतायत. मी मागे उभा, सारखा घड्याळ बघतोय. तेवढ्यात अण्णांना ठसका लागला, ते पाणी प्यायला वळले. मला वाटलं, आटपलं! नारळ अजून त्यांच्या हातातच आहे, हे बघायला सवड कुणाला होती?

गेलो पुढे आणि सुरू केलं.

"आपण एकमेकांचं ऐकून घेऊ."

"व्हय म्हाराजा."

"मोजमाप सगळ्यांना सारखंच असेल."

"व्हय म्हाराजा."

अहो, अंगावर काटा आला माझ्या! आमची तत्त्वं कुणी अशी हात जोडून ऐकली होती कधी? मग मी सुटलोच. दर शनिवारी काम सुटल्यावर थांबून आढावा घ्यायचा, हे तर मी माझ्या मनचंच ठोकून दिलं. त्यालाही व्हय म्हाराजा. लगेच मॅडमना मेसेज टाकला, सगळ्यांचा एकमुखाने होकार.

अण्णांचा ठसका थांबला. शांतपणे म्हणाले, "तुझं झालं असेल तर गाऱ्हाणं पुरं करू काय?"

मग आंबे सोलणाऱ्या बायकांची मुकादम वत्सलाकाकी पुढे आली. "शनवारचं ते देवाला सांगितलंस, का आमाला? देव थांबेल रे. आमची यष्टी नाय थांबायची."

कारखाना हसून हसून लोळला. मी मेसेज पुसायला मोबाईल काढतोय, तोवर अण्णांचा फोन वाजला. मॅडम होत्या. अभिनंदन करायला.

दुसऱ्या दिवशी माझंच मूल्यमापन. समोरच्याला त्याची बाजू मांडू द्यायची, हेही आमचं तत्त्व, आणि मॅडम तत्त्वाच्या पक्क्या. म्हणाल्या, "तुला धीर नाही. तू ऐकून घेत नाहीस. प्रोबेशन वाढवतेय. तुला यावर काही बोलायचंय?"

बोलायचं पुष्कळ होतं हो. आदल्या दिवसापासून मनात घोकत होतो. पण मेले हात आपोआप जोडले गेले आणि तोंडातून निघालं, "व्हय म्हाराजा."