साडूंचे थर

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मिळून देवाने जे काही निर्माण केले आहे, त्यातली एकही गोष्ट जशीच्या तशी पाहायला तयार नसलेला एकच गृहस्थ आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. डोंगर दिसला की त्यावर अक्षरे कुठे बसतील हे ते बघतात. माणूस दिसला की त्याच्याभोवती कोणती चौकट शोभेल याचा विचार करतात. माझ्या लग्नात पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून बराच वेळ पाहिले होते. मला वाटले, जावई पारखताहेत. पुढे कळले की माझ्यामागची भिंत काढून तिथे काय लावावे हे त्यांना सुचत नव्हते.

याचे मूळ त्यांच्या नोकरीत असावे. जमीन मोजणीच्या कचेरीत त्यांनी उभी हयात नकाशे काढण्यात घालवली. एका पारदर्शक कापडावर नदी, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर शेतांचे नंबर. ही कापडे एकावर एक ठेवली की खाली अख्खे गाव उभे राहते. त्यामुळे जग हे थराथरांनी बनले आहे आणि थरांचा क्रम चुकला की सगळे चुकते, अशी त्यांची पक्की समजूत झाली. ते वरणभातसुद्धा कालवत नाहीत. तळाला भात, त्यावर वरण, त्यावर तूप आणि सगळ्यात वर लिंबाची फोड, आणि मग वरून खाली असे सरळ उत्खनन. "ह्यांना जेवायला नाही, खणायला वाढते मी," असे ताई म्हणायच्या. सावित्री नदीचे पाणी बाजारपेठेत शिरायची चिन्हे दिसली की सारे महाड मिळेल ते उचलून माळ्यावर फेकते. हे मात्र क्रमाने चढवत. एका वर्षी क्रमात ताईंचा नंबर पिंपानंतर लागला, याचा विषय त्या घरात अजून निघतो.

नोकरी संपली आणि त्यांच्या हाती कॉम्प्युटर पडला. मुंबईच्या पुतण्याने सोबत एक सीडी दिली. त्या सीडीतल्या प्रोग्रॅमने एका चित्रावर दुसरे, त्यावर तिसरे असे चढवून, कॅमेऱ्यातून येणारे जिवंत चित्रही मध्ये घालून, सगळे एकदम पडद्यावर दाखवता येई. त्या काळी आमच्याकडे लग्नाच्या कॅसेटमध्ये हंस आणि बदाम घालायचे काम मुंबईला व्हायचे आणि कॅसेट परत येईपर्यंत बहुधा बारसे उरकलेले असायचे. साडू म्हणाले, "मास्तर, मी हंस जागच्या जागी सोडणार." मी शाळेत शास्त्र शिकवतो, त्यामुळे मी आधी हंसांच्या खाण्यापिण्याची चौकशी केली. महिन्याभरात एक जुना प्रोजेक्टर आला, ताईंच्या दोन पांढऱ्या चादरी शिवून पडदा झाला आणि साडू लग्ने घेऊ लागले. तीही फक्त गोरज मुहूर्ताची. उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून दुपारचे लग्न हा ते स्वतःचा अपमान समजत.

त्यांचे थर पाच. सगळ्यात खाली 'तळ', म्हणजे मागचा देखावा. त्यावर 'अंग', म्हणजे कॅमेऱ्यातली खरी माणसे. त्यावर 'चौकट', म्हणजे मध्ये बदामाच्या आकाराचे भोक असलेले रंगीत झाकण. त्यावर 'झड', म्हणजे पडणाऱ्या पाकळ्या, चांदण्या आणि जाणारे-येणारे हंस. आणि सर्वांच्या माथ्यावर 'नाव'. हा क्रम ते कुलाचार सांगावा तसा सांगत. ऐकणारा नवऱ्यामुलाचा बाप असो की मांडवाला वीज जोडायला आलेला वायरमन असो, पाचही थर ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे.

तळाची गोष्ट हिरकणीवाडीची. लग्न अंगणात होते आणि मांडवामागे साक्षात रायगड उभा. साडूंनी नेमका तिथेच पडदा बांधला, गड पुरता झाकला आणि पडद्यावर रायगडाचा फोटो दाखवला. गडावर माणसे नेणारे एक म्हातारे वाटाडे कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "अवो, खरा मागंच हाय ना?"

"हाय," साडू म्हणाले, "पण खऱ्यावर नाव लिवता येत नाय."

एरवी साडू कचेरीतले शुद्ध बोलतात, पण मूळचे नाते या गावचे. थरांचा विषय निघाला की त्यांचे गाव वर येते.

चौकटीतल्या बदामात दोनच माणसे मावत आणि आमच्याकडे फोटोला उभे राहताना दोन माणसे कधीच नसतात. एका नवरदेवाच्या मामांचा फक्त उजवा कान बदामात आला आणि तो अख्ख्या गावाने पाहिला. नावाच्या थराने तर एकदा मागच्या रविवारच्या नवरा-नवरीची नावे नव्या जोडप्याच्या डोक्यावर बरीच मिनिटे मिरवली. आणि कुडपणला वैशाखात लग्न लागत असताना दरीतून धुके वर आले, ते थेट मांडवात शिरले आणि प्रोजेक्टरच्या झोतात पांढरेफेक दिसू लागले. मंडळींना वाटले, हीसुद्धा साडूंचीच करामत. "दादा, धूर जरा कमी करा, पोरगी दिसत नाय," असे मुलीचे काका दोनदा सांगून गेले. तिसऱ्यांदा साडू उसळले. "ह्यो थर माझा नाय! डोंगराला सांगा!"

एका बाबतीत मात्र ते कुणाचीही गय करत नसत. झोतात कुणी आले की पडद्यावर सावली पडते. "थरात कोण आलं रे?" अशी त्यांची आरोळी मंगलाष्टकांच्याही वर जायची. त्यांनी विहिणींना हाकलले, सरपंचांना हाकलले, एकदा अक्षता वाटणाऱ्या खुद्द मुलाच्या आजोबांना हाकलले. सावली म्हणजे परवानगी न घेता घुसलेला सहावा थर, असे त्यांचे मत.

इथपर्यंतचा माणूस चेष्टेचाच आहे आणि मी ती पोटभर केलेली आहे. पण नाते गावातल्या एका लग्नानंतर त्यांच्यात फरक पडला. आमच्याकडे मुलीच्या आईने मंगलाष्टके ऐकायची नाहीत आणि लग्न लागताना पाहायचे नाही अशी रीत आहे. त्या वेळी ती आत बसून तुळशीला पाणी घालते. त्या लग्नात सगळे उरकल्यावर मुलीची आई पदराला हात पुसत साडूंच्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "दादा, तुम्ही समदं बघितलंव. हार घालताना माझ्या पोरीनं मान वाकवली का वो?"

साडूंना सांगता येईना. हार पडला त्या क्षणी ते पाकळ्या सोडत होते.

हे त्यांनी मला स्वतः सांगितले, आणि सांगताना त्यांनी एकही थर मोजला नाही. पुढच्या लग्नापासून त्यांच्या सामानात एक छोटा टीव्ही आणि लांबलचक वायर वाढली. टीव्ही आतल्या खोलीत, तुळशीच्या कुंडीसमोर. त्यावर बदाम नाही, हंस नाही, नाव नाही, कॅमेऱ्यातले नुसते अंग. मी कारण विचारले तर म्हणाले, "आईला वरचे थर कशाला?" भटजींनी अर्थातच हरकत घेतली. मंगल कार्यालयाच्या ओसरीवर दोघांचा अर्धा तास वाद चालला. पाहणे ते पाहणेच, असे भटजी म्हणत होते. साडूंचे म्हणणे, आवाज बंद ठेवतो म्हणजे ऐकणे होत नाही, आणि काचेत पाहणे हे मांडवात पाहणे नव्हे. भटजींनी चहा घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "शास्त्रात टीव्हीचा उल्लेख नाही, तेव्हा निषेधही नाही." भटजींच्या स्वतःच्या मुलीचे लग्न दोन महिन्यांवर आले होते, हे इथे सांगायला हवे.

तेव्हापासून दर लग्नात वायर जोडली की साडू आतल्या खोलीच्या दारापाशी जात आणि बाहेरूनच विचारत, "आलं का?" आतून "आलं" असे उत्तर आले की मग ते टेबलाशी परतत. खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकले नाही. ती खोली आईची, असे ते म्हणत.

मग शिल्पाचे, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या एकुलत्या एका मुलीचे लग्न ठरले. महाडातच, गोरज मुहूर्तावर. साडू मुलीचा बाप म्हणून मांडवात उभे राहणार आणि ताई आत तुळशीपाशी बसणार. ताईंनी आयुष्यभर त्या यंत्राला नावे ठेवली होती, चादरी गेल्याचे दुःख तर त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पण लग्नाच्या आठवडाभर आधी त्यांनी नवऱ्याला एकच विचारले, "माझ्या वेळेला तो टीव्ही नीट लागेल ना हो?" साडूंनी त्या आठवड्यात वायर चार वेळा बदलली.

यंत्रापाशी बसायला त्यांनी मला निवडले, यावरून त्यांच्या मनाची अवस्था समजावी. कॉम्प्युटरच्या पाठीमागे दोन वायरी होत्या. लाल चिकटपट्टीची मोठ्या पडद्याला जाणारी, तिच्यात सगळे थर. पांढऱ्या पट्टीची आतल्या टीव्हीला जाणारी, तिच्यात नुसते अंग. "मास्तर, कशाला हात लावायचा नाही. अंतरपाट धरला की फक्त हे बटण दाबायचं," त्यांनी मला सात वेळा सांगितले. मी हात लावला नाही. मी खुर्ची पुढे ओढली, तिचा पाय वायरींत अडकला आणि दोन्ही एकदम निघाल्या. पट्ट्या जमिनीवर गळून पडल्या. मंगलाष्टके सुरू झाली होती. मी घाबरून दोन वायरी दोन भोकांत खुपसल्या, चित्र आलेले पाहून देवाचे आभार मानले आणि बटण दाबले.

मोठ्या पडद्यावर पाकळ्या आल्या नाहीत. बदाम नाही, हंस नाही, नाव नाही. अंतरपाटामागे खाली मान घालून उभी असलेली शिल्पा तेवढी दिसत होती. मंडळींना ते आवडलेसुद्धा असावे. पण साडूंनी मान वळवून पडदा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. नुसते अंग जर इथे आहे, तर आत ताईंच्या पुढ्यात काय असेल हे त्यांना एका क्षणात कळले. तीन-तीन थरांखाली मुलगी गाडली गेली होती.

मग त्या गृहस्थाने जे कधी कुणाला करू दिले नव्हते ते स्वतः केले. नव्या धोतराचा सोगा हातात धरून ते सरळ प्रोजेक्टरच्या झोतातून धावत आले. त्यांची भलीमोठी काळी सावली सगळा पडदा व्यापून गेली. माझ्याकडे न बघता त्यांनी वायरींची अदलाबदल केली आणि खोलीच्या दाराशी जाऊन विचारले, "आलं का?"

आतून उत्तर आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले. मग ते आत गेले.

मी माफी मागायला म्हणून मागोमाग दारापर्यंत पोचलो आणि तिथेच थांबलो. टीव्हीवर चित्र आले होते. ताई पाटावर बसल्या होत्या, हातातला तांब्या कलंडून तुळशीचे पाणी फरशीवर चालले होते आणि त्यांचे डोळे टीव्हीवरून हलत नव्हते, एवढेच. साडू त्यांच्यामागे उभे होते. बाहेर शेवटचे 'सावधान' झाले, ताशा कडाडला, टीव्हीतला अंतरपाट आवाज न करता खाली आला. शिल्पाने हार उचलला.

"वाकवली हो मान," ताई म्हणाल्या.

"वाकवली," साडू म्हणाले.

मुलीचा बाप ऐन वेळी कुठे नाहीसा झाला यावर मांडवात पुष्कळ चर्चा झाली. वरपक्षाच्या एका आत्याबाईंनी तर त्यांना चक्कर आल्याचे परस्पर जाहीर केले. आपल्या एकुलत्या एका मुलीचे लग्न त्या दोघांनी शेजारच्या खोलीत एका छोट्या टीव्हीवर पाहिले, हे मी कुणाला सांगितले नाही. वायरींचेही सांगितले नाही. साडूंनी मला त्याबद्दल आजवर एक शब्द विचारलेला नाही, आणि तो न विचारलेला शब्द मला अजून टोचतो.

शिल्पाच्या लग्नाची जी कॅसेट झाली तिच्यात ऐन मुहूर्ताचे आई-बाप कुठेच नाहीत. शिल्पा एकदा माहेरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, तुमचा दोघांचा फोटो लावा ना त्यात. तुम्हाला काय अवघड आहे?" ज्याने मामांच्या कानाभोवती हंस फिरवले तो माणूस म्हणाला, "आम्ही तिथं नव्हतो गो."

आता घरोघरी कॅमेरे झाले आहेत, मुलींच्या आया सरळ मांडवात उभ्या राहू लागल्या आहेत आणि साडूंचा प्रोजेक्टर माळ्यावर, आपल्या ठरलेल्या क्रमात, बसून आहे. काचबिंदूने ताईंची दृष्टी गेली, त्यालाही दोन वर्षे झाली. मागच्या महिन्यात संध्याकाळी मी सहज गेलो तर तोच छोटा टीव्ही आणि त्यावर तीच कॅसेट लावलेली होती, आवाज बंद करून. ताई समोर बसल्या होत्या, साडू त्यांच्या खुर्चीमागे उभे. मी आल्याचे त्यांना कळले नाही.

"अंतरपाट धरलाय," साडू सांगत होते. "शिल्पीची मान खाली आहे. हिरवा चुडा दिसतोय." टीव्हीत शिल्पामागच्या पडद्यावरून एक मोठी सावली धावत गेली. "हा मी. आता आत येतोय." मग खुर्चीवरून पुढे वाकून त्यांनी हळूच विचारले, "आलं का?"

"आलं," ताई म्हणाल्या.